हिपॅटायटिस सी : विषाणूचे प्रकार आणि रुग्णांच्या आधारगटांतील तेढ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या रुग्णाला मिळणाऱ्या अहवालांत बरीच वर्षे एक आकडा ठळकपणे छापलेला असे. तो म्हणजे विषाणूचा जीनोटाइप. औषध कोणते द्यायचे आणि किती आठवडे द्यायचे हे ठरवण्यासाठी तो आकडा होता. परंतु रुग्ण एकत्र येऊ लागले तेव्हा त्याच आकड्यावरून माणसांची प्रतवारीही होऊ लागली. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि आधारगट चालवणारे कार्यकर्ते यांना पडणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. उपचाराचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

जीनोटाइप म्हणजे नेमके काय? त्यालाच ‘स्ट्रेन’ म्हणतात का?

हिपॅटायटिस सीच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए या स्वरूपात असते. यकृताच्या पेशीत शिरून तो स्वतःच्या प्रती काढतो, तेव्हा नक्कल करताना झालेल्या चुका तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. अशा चुका वेगवेगळ्या भूभागांत दीर्घकाळ साचत गेल्या आणि विषाणूच्या शाखा एकमेकींपासून दूर गेल्या. त्यांतील मोठ्या शाखांना जीनोटाइप म्हणतात. दोन जीनोटाइपच्या जनुकीय अक्षरांत सुमारे ३० टक्के किंवा त्याहून अधिक फरक असतो. प्रत्येक शाखेला फांद्या असतात. त्यांना उपप्रकार म्हणतात आणि ते १ए, १बी, ३ए असे लिहितात.

आज आठ जीनोटाइप मान्य आहेत. सातवा काँगोमधून आलेल्या व्यक्तीच्या रक्तात सापडला. आठव्याची नोंद २०१८ साली कॅनडात झाली आणि ज्या रुग्णांच्या रक्तात तो आढळला ते मूळचे पंजाबचे होते. ‘स्ट्रेन’ हा शब्द रुग्ण आणि वृत्तपत्रे सैलपणे वापरतात. बोलताना त्याने काही बिघडत नाही, पण अहवाल वाचताना जीनोटाइप आणि उपप्रकार हेच शब्द शोधावेत.

माझ्या अहवालात ‘जीनोटाइप ३’ आहे. हा अधिक वाईट प्रकार आहे का?

भारतात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे. त्याखालोखाल जीनोटाइप १ येतो आणि दक्षिणेत त्याचे प्रमाण तुलनेने जास्त आहे. जीनोटाइप ३ मध्ये यकृतात चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असते. यकृत निबर होऊन सिरॉसिस झाला असेल, तर या प्रकारात औषधयोजना थोडी अधिक काळजीपूर्वक करावी लागते. सिरॉसिस नसेल तर सध्याच्या गोळ्यांनी बरे होण्याचे प्रमाण इतर प्रकारांइतकेच, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे ‘माझा कितवा प्रकार’ यापेक्षा ‘माझे यकृत आज कोणत्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावा.

मग जीनोटाइपवरून रुग्णांमध्ये वाद होण्याचे कारण काय?

कारण इंटरफेरॉनच्या काळात आहे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात आठवड्याला एक पेगिलेटेड इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाव्हायरिनच्या गोळ्या हाच उपचार होता. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्तक्षय आणि कित्येकांना खोल नैराश्य, हे त्याचे ठरलेले दुष्परिणाम होते. जीनोटाइप २ आणि ३ च्या रुग्णांना हे सारे २४ आठवडे सोसावे लागे आणि त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांच्या आसपास बरे होत. जीनोटाइप १ च्या रुग्णांना मात्र ४८ आठवडे काढावे लागत आणि तरीही जेमतेम निम्मे बरे होत. एकाच सतरंजीवर बसलेल्या दोन माणसांपैकी एकाची शिक्षा दुसऱ्याच्या दुप्पट आणि सुटकेची शक्यता कमी, असा हा प्रकार होता. ‘तुम्हाला काय, तुमचा सोपा प्रकार आहे’ हे वाक्य तेव्हा आधारगटांत सहज निघे, आणि ज्याला ते ऐकावे लागे त्याच्याही केसांचे पुंजके रोज उशीवर पडत असत, याचा बोलणाऱ्याला विसर पडे.

पुढे ही उतरंड उलटली. २०११ साली अमेरिकेत टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर ही औषधे आली ती केवळ जीनोटाइप १ साठी. डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि त्यानंतर इंटरफेरॉनशिवाय केवळ गोळ्यांनी उपचार शक्य झाला. तेव्हाही पहिली सोयीची जोडगोळी जीनोटाइप १ च्याच वाट्याला आली. काल ज्यांना सुदैवी म्हटले जात होते ते जीनोटाइप ३ चे रुग्ण आता ‘अवघड’ गटात गेले. औषध कंपन्यांचे संशोधन अमेरिका, युरोप आणि जपान येथे सर्रास आढळणाऱ्या प्रकाराभोवती फिरत होते. दक्षिण आशियात प्रामुख्याने आढळणारा प्रकार मागे राहिला. आमच्या मते या वादातील खरी तक्रार हीच होती, परंतु ती कंपन्यांच्या दारात जाण्याऐवजी बहुतेक वेळा शेजारी बसलेल्या रुग्णावर निघाली.

२०१६ साली सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर यांची एकत्रित गोळी आली. ती सर्व प्रमुख जीनोटाइपवर चालते, त्यामुळे या भांडणाचे वैद्यकीय कारण जवळजवळ संपले.

जीनोटाइपवरून संसर्ग कुठून झाला हे कळते का?

एका व्यक्तीपुरते विचाराल तर नाही. मोठ्या समूहाबाबत मात्र बरेच काही कळते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आयर्लंडचे आहे.

आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या मातेला आरएच पॉझिटिव्ह बाळ झाले, तर पुढच्या गरोदरपणात धोका होऊ नये म्हणून तिला अँटी-डी नावाचे इंजेक्शन देतात. आपल्याकडेही ते सर्रास दिले जाते. आयर्लंडमध्ये ते तेथील रक्तसंक्रमण मंडळ मानवी प्लाझ्मापासून स्वतः तयार करत असे. १९७६ साली ज्या एका स्त्रीचा प्लाझ्मा त्यासाठी घेण्यात आला तिला कावीळ झाली, तरीही तो प्लाझ्मा वापरात राहिला. १९७७–७८ मध्ये त्यापासून तयार झालेली इंजेक्शने देशभरातील बाळंतिणींना टोचली गेली. तोवर हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा शोधच लागलेला नव्हता (तो १९८९ चा), पण काविळीची नोंद मंडळाकडे होती.

१९९४ च्या फेब्रुवारीत हा प्रकार जाहीर झाला आणि राष्ट्रीय तपासणी सुरू झाली. तिच्यावर आधारित आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तपासलेल्या ६२,६६७ स्त्रियांपैकी ७०४ जणींच्या रक्तात पूर्वीच्या किंवा चालू संसर्गाचा पुरावा मिळाला आणि ३९० जणींच्या रक्तात विषाणू अजून होता. या स्त्रियांमधला विषाणू १बी उपप्रकाराचा होता आणि त्याची जनुकीय घडण इतकी एकसारखी होती की सर्वांचा उगम एकच हे सिद्ध झाले. १९९१ ते १९९४ दरम्यानच्या इंजेक्शनांतून दुसरा, लहान उद्रेक झाल्याचेही पुढे उघड झाले. त्याचा उगम वेगळ्या रक्तदात्यात होता आणि विषाणूही वेगळ्या जीनोटाइपचा होता. थोडक्यात, जनुकीय तपासणीने येथे साक्षीदाराचे काम केले. साक्ष होती संस्थेविरुद्ध.

‘निर्दोष रुग्ण’ हा शब्दप्रयोग कुठून आला?

याच वळणावरून. युरोपातील आकडेवारीत १बी हा उपप्रकार वयस्कर, रक्त चढवलेल्या किंवा दवाखान्यात सुया टोचलेल्या लोकांत जास्त दिसतो. ३ए आणि १ए हे तरुण, सुईने नशा करणाऱ्या लोकांत जास्त दिसतात. ही समूहाची सरासरी आहे. आधारगटांत मात्र तिचा वापर व्यक्तीला ओळखण्यासाठी झाला. १बी म्हणजे रक्तातून लागण झालेला बिचारा आणि ३ए म्हणजे स्वतःच्या कर्माने ओढवून घेतलेला, अशी वाटणी कोणी उघड बोलून, तर कोणी नुसत्या नजरेने करू लागले.

दक्षिण आशियातून तिकडे गेलेल्या लोकांना याचा विशेष त्रास होतो. आपल्याकडे ३ए हा गृहिणीत, शेतकऱ्यात, डायलिसिसवरच्या रुग्णात आणि थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलात, सर्वांतच आढळतो, कारण येथे तोच प्रकार अधिक पसरलेला आहे. न उकळलेली सुई, गावातल्या दवाखान्यात किरकोळ तापासाठी घेतलेले इंजेक्शन, तपासणी सक्तीची होण्यापूर्वी चढवलेले रक्त, हे येथील नेहमीचे मार्ग. लंडन किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाच्या अहवालात ३ए दिसला आणि समोरच्याने भुवई उंचावली, तर ती भुवई युरोपातल्या सरासरीवरून उंचावलेली आहे, हे त्याला शांतपणे सांगता येईल. अर्थात, स्वतःला ‘त्यांच्यापासून’ वेगळे सिद्ध करण्याची धडपड करावी लागणे हेच मुळात अपमानकारक आहे, आणि ज्याने खरोखर नशा केली होती त्यालाही यकृत एकच असते.

आयर्लंडमध्ये एकाच आजारासाठी वेगवेगळ्या संघटना का झाल्या?

अँटी-डी घेतलेल्या स्त्रियांची ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’ ही संघटना होती. रक्त चढवल्यामुळे बाधित झालेल्यांची ‘ट्रान्स्फ्यूजन पॉझिटिव्ह’ ही वेगळी होती. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आणि मूत्रपिंडाचे आजार असलेल्यांच्या संघटना आधीपासून अस्तित्वात होत्या आणि त्यांचेही सदस्य बाधित झाले होते. प्रत्येक गटाची कैफियत खरोखर निराळी होती. निरोगी बाळंतिणीला खबरदारी म्हणून टोचलेल्या इंजेक्शनातून आजार झाला. हिमोफिलियाच्या रुग्णाला मात्र रक्त गोठवणाऱ्या घटकाशिवाय जगताच येत नव्हते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना एचआयव्हीचीही लागण झाली होती. या दोघांचे दुःख एकाच अर्जात मावणारे नव्हते, हे मान्य करायला हवे.

परंतु वेगळेपणाला पैशाची आणि कायद्याची चौकट मिळाली की त्याची धार वाढते. १९९५ च्या अखेरीस नुकसानभरपाई न्यायाधिकरण सुरू झाले आणि १९९६ च्या कायद्याने रक्त किंवा रक्तघटकांतून बाधित झालेल्यांना विशेष आरोग्यसेवांचे कार्ड मिळाले. त्याच सुमारास डब्लिनमध्ये हेरॉइनच्या सुयांमधून हाच विषाणू हजारो तरुणांत पसरलेला होता. त्यांना यांपैकी काहीही लागू नव्हते. शासनाच्या चुकीमुळे झालेल्या हानीची भरपाई वेगळी आणि आजारावरचा उपचार वेगळा, हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. मात्र त्यामुळे एकाच रुग्णालयाच्या एकाच बाह्यरुग्ण विभागात कार्डवाले आणि बिनकार्डवाले असे दोन वर्ग झाले.

या लढ्याची किंमतही लक्षात ठेवली पाहिजे. डोनेगल परगण्यातील ब्रिजिड मॅकोल या बारा मुलांच्या आईने रक्तसंक्रमण मंडळावर दावा लावला. नाव गुप्त ठेवण्याची तिची विनंती न्यायालयाने नाकारली, तेव्हा ती स्वतःच्या नावाने उभी राहिली. मंडळाने दायित्व मान्य केले आणि त्यानंतर लवकरच, ऑक्टोबर १९९६ मध्ये, तिचा मृत्यू झाला. त्यानंतर झालेल्या चौकशीचा अहवाल मार्च १९९७ मध्ये आला. ‘या बायका भरपाईसाठी ओरडतात’ असे म्हणणाऱ्या इतर रुग्णांना हा क्रम सांगावा.

माझ्या शरीराने विषाणू आपोआप घालवला. मला गटात ‘खरा रुग्ण’ मानत नाहीत. हे योग्य आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ३० टक्के बाधितांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत उपचाराविना निघून जातो. वर सांगितलेल्या ७०४ आयरिश स्त्रियांपैकी ३१४ जणींच्या रक्तात विषाणू सापडला नव्हता, म्हणजे हा प्रश्न तेथे अपवादात्मक नव्हता. रक्तात प्रतिपिंड (विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने) आहेत पण विषाणू नाही अशा व्यक्तीचे यकृत या विषाणूमुळे पुढे बिघडत नाही, ही वैद्यकीय वस्तुस्थिती आहे. पण निदानाचा धक्का, लपवाछपवीची वर्षे, बाळाला लागण झाली असेल का ही धास्ती आणि ती सारी चाचण्यांची रांग तिनेही अनुभवलेली असते.

येथेही भरपाईच्या नियमांनी तेढ वाढवली. ब्रिटनच्या २००४ सालच्या स्किप्टन निधीतून सुरुवातीच्या टप्प्यातच विषाणू निघून गेलेल्यांना वगळले होते. आयर्लंडमध्ये २००६ च्या दुरुस्ती कायद्याने निदानासाठी विशिष्ट चाचणीची अट घातली आणि रुग्णसंघटनांनी तिला विरोध केला. आधारगट म्हणजे कचेरी नव्हे. तेथे बसायला व्हायरल लोडचा (रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा) दाखला लागू नये, असे आमचे मत आहे.

तारखांवरून रुग्णांमध्ये फूट पडली असे म्हणतात, ते काय आहे?

कॅनडाचे उदाहरण पाहावे. दूषित रक्ताच्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या न्या. होरेस क्रेव्हर यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये अहवाल दिला आणि चूक कोणाची हे न पाहता सर्व बाधितांना भरपाई द्यावी असे सुचवले. सरकारांनी १९९८ साली भरपाई जाहीर केली ती मात्र १ जानेवारी १९८६ ते १ जुलै १९९० या काळात रक्तातून बाधित झालेल्यांनाच. या काळात अमेरिकेत रक्ताची अप्रत्यक्ष, म्हणजे विषाणू थेट न शोधता इतर खुणांवरून, तपासणी होत होती आणि कॅनडात होत नव्हती. म्हणजे चूक सिद्ध करता येण्याजोगी होती. ज्याला ३१ डिसेंबर १९८५ च्या रात्री रक्त चढवले तो बाहेर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला चढवले तो आत. बाहेर राहिलेल्यांसाठी तोडगा निघायला २००६ साल उजाडले. मधल्या आठ वर्षांत ‘आतले’ सदस्य बाहेरच्यांसाठी किती जोर लावतात यावरून रुग्णांमधले संबंध ताणले गेले, यात नवल नाही.

ब्रिटनमध्ये रेषा आणखी गुंतागुंतीच्या होत्या. रक्तघटकांतून एचआयव्हीची लागण झालेल्यांसाठी १९८८ पासून एक न्यास होता, हिपॅटायटिस सीसाठी २००४ पर्यंत काहीच नव्हते. स्किप्टन निधी आला तेव्हा त्यात ‘पहिला टप्पा’ आणि सिरॉसिस झालेल्यांचा ‘दुसरा टप्पा’ असे भाग पडले. २९ ऑगस्ट २००३ पूर्वी मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना आरंभी काहीच मिळाले नाही. हिपॅटायटिस बी झालेले तर पूर्ण बाहेर राहिले. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल २० मे २०२४ रोजी आला. रक्त व रक्तघटकांमुळे ३०,००० हून अधिक लोक बाधित झाले आणि सुमारे ३,००० मृत्यू पावले, असे त्यात नमूद आहे. एकमेकांच्या रकमा मोजत बसलेल्या गटांना आपण सगळे एकाच टाळाटाळीचे बळी आहोत हे कागदावर दिसायला इतकी वर्षे लागली.

सुईने नशा करणाऱ्या किंवा पूर्वी करत असलेल्या व्यक्तीला गटात घ्यावे का?

होय. नव्या संसर्गाचा मोठा भाग जगभर याच मार्गाने होतो, आणि त्यांना वगळून हा आजार आटोक्यात येणार नाही. काही कुटुंबांना, विशेषतः लहान मुलांसह येणाऱ्या थॅलेसेमियाच्या पालकांना, संकोच वाटतो. तो संकोच समजून घ्यावा आणि हवे तर बैठकांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात, पण माहिती, औषधाची चौकशी आणि डॉक्टरांची भेट यांत भेद करू नये. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या सरकारी विम्याने गोळ्या महाग असताना यकृत किती बिघडले आहे आणि रुग्ण किती महिने व्यसनमुक्त आहे, अशा अटी घातल्या होत्या. ऑस्ट्रेलियाने १ मार्च २०१६ पासून गोळ्या सार्वजनिक योजनेत आणल्या, तेव्हा अशी कोणतीही अट ठेवली नाही.

औषधांच्या किमतीवरून भारतातील रुग्णचळवळीत काय वाद झाला?

अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे गोळीला हजार डॉलर, ठेवली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये हे औषध विकणाऱ्या गिलियड कंपनीने सात भारतीय उत्पादकांना परवाना दिला. त्या परवान्याखाली ९१ विकसनशील देशांत स्वस्त औषध विकता येणार होते. काहींना ही मोठीच सुटका वाटली. परंतु ब्राझील, चीन, युक्रेन, थायलंड यांसारखे देश यादीत नव्हते, आणि दिल्लीतील एचआयव्ही बाधितांची संघटना डीएनपी प्लस आणि आय-मॅक ही संस्था यांनी पेटंटलाच विरोध केला होता. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातून फेरविचारासाठी परत आले आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले.

‘आम्हाला औषध आज हवे आहे, तुमची तत्त्वाची लढाई नंतर करा’ असे म्हणणारा रुग्ण आणि ‘आज गप्प बसलो तर पुढच्या औषधाला हेच होईल’ असे म्हणणारा कार्यकर्ता, हे दोघेही आपापल्या जागी खरे होते. दरम्यान ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका येथील रुग्ण भारतीय औषधे मागवू लागले, काही तर स्वतः भारतात येऊन ती घेऊन गेले. तेव्हा त्यांच्या गटांतही ‘हे औषध खरे कशावरून’ असा वाद पेटला. अधिकृत परवान्याखाली तयार झालेले औषध तेच असते. धोका असतो तो पावतीशिवाय आणि चिठ्ठीशिवाय मधल्या माणसाकडून घेतलेल्या डब्यात.

औषध कंपनीकडून आधारगटाने पैसे घ्यावेत का?

घेतले तर रक्कम आणि अट सर्व सदस्यांना सांगावी. न सांगता घेतलेला पैसा उघड झाला की गट फुटतो.

वेगळ्या जीनोटाइपच्या रुग्णाजवळ बसल्याने मला दुसरा प्रकार लागेल का?

नाही. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एकत्र जेवणे, मिठी मारणे, एकच संडास वापरणे यांतून तो पसरत नाही. दाढीचे पाते, दातांचा ब्रश, नखे कापण्याचे साधन मात्र स्वतंत्र ठेवावे. एका व्यक्तीला दोन प्रकारांची लागण होऊ शकते आणि बरे झाल्यावर पुन्हा लागणही होऊ शकते, कारण या आजारावर लस नाही आणि एकदा झालेल्या संसर्गाने पुढचे संरक्षण मिळत नाही. पण त्यासाठी सुई किंवा रक्ताचा संबंध यावा लागतो, शेजारच्या खुर्चीचा नव्हे.

भारतात आता जीनोटाइपची चाचणी करावीच लागते का?

बहुतेकांना नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात चाचणी आणि औषध मोफत आहे. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डाक्लाटासव्हिर बारा आठवडे, सिरॉसिस असूनही यकृत आपले काम भागवत असेल तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर बारा आठवडे, अशी सर्वसाधारण योजना आहे, आणि या दोन्ही जोड्या देताना जीनोटाइप पाहिला जात नाही. पूर्वीचा उपचार अपयशी ठरला असेल किंवा यकृत फारच बिघडले असेल, तर तज्ज्ञ वेगळा निर्णय घेतात. महाराष्ट्रात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात चौकशी करावी. गटात नवा सदस्य आला की जुन्या सवयीने ‘तुमचा कितवा?’ असे विचारणारे अजून भेटतात. हा प्रश्न आता निरुपयोगी झाला आहे हे त्यांना सांगायला हरकत नाही.

गटातील काही जण काविळीचे गावठी औषध घ्यायला सांगतात. काय करावे?

गावोगावी कावीळ उतरवणारे आणि मुळ्यांचा रस देणारे आहेत, आणि हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुधा आपोआप बरी होत असल्याने त्यांना यशही मिळालेले दिसते. हिपॅटायटिस सी मध्ये डोळे पिवळे होतीलच असे नसते. वीस वर्षे काहीही न जाणवता यकृत झिजत राहते. त्यामुळे ‘डोळे पांढरे झाले, बरे झालो’ हा निकष येथे लागू पडत नाही. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून त्याचा अपमान करू नये, पण औषध घेऊ नये. काही वनस्पतिजन्य औषधे यकृतालाच इजा करतात. सेंट जॉन्स वर्ट सारखी काही वनौषधी तर सोफोसबुव्हिरचा परिणाम कमी करते.

बरे झालेल्यांनी गटात राहावे का? काही सदस्यांना त्यांचे ऐकणे नको वाटते.

औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू नसेल तर रुग्ण बरा झाला असे मानतात. इंटरफेरॉनचे वर्ष काढलेले जुने सदस्य आणि तीन महिने रोज गोळी घेऊन मोकळे झालेले नवे सदस्य यांच्यात एक न बोललेली अढी असते. जुन्यांपैकी काहींना विषाणू गेल्यावरही थकवा, थायरॉइडचा त्रास किंवा उदासी राहिली आहे. त्यांनी ते सांगितले की नवे म्हणतात, ‘लोकांना घाबरवू नका’. घाबरवणे आणि सांगणे यांत फरक आहे. जुन्यांचे त्रास त्या काळच्या इंजेक्शनाशी जोडून सांगितले, तर नव्या रुग्णाला आजच्या गोळ्यांची भीती बसत नाही आणि जुन्यांनाही खोटे पाडल्यासारखे वाटत नाही. सिरॉसिस झालेल्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करणे आवश्यक असते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. ही आठवण द्यायला तरी त्यांनी गटात यावे.

लग्न ठरवताना किंवा सासरी हे सांगावे का?

जोडीदाराला सांगावे असे आमचे मत आहे. इतरांना सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. एकनिष्ठ जोडप्यांत लैंगिक संबंधातून लागण क्वचित होते. आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे, म्हणून गरोदरपणाचा विचार करण्यापूर्वी उपचार पूर्ण करणे उत्तम. गटातील कोणीही दुसऱ्याचे नाव, जीनोटाइप किंवा लागणीचा मार्ग बाहेर सांगितला, तर त्याला पुन्हा बैठकीला बोलावू नये. या एका बाबतीत सौम्यपणा दाखवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मी पूर्ण बरा झालो आहे. आता रक्तदान करता येईल का?

नाही. विषाणू गेला तरी प्रतिपिंड रक्तात वर्षानुवर्षे राहतात आणि रक्तपेढीच्या चाळणी चाचणीत ते दिसतात, त्यामुळे असे रक्त स्वीकारले जात नाही. नोकरीच्या किंवा परदेशी जाण्याच्या वैद्यकीय तपासणीतही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी व्हायरल लोड शून्य असल्याचा अहवाल आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद सोबत न्यावा, आणि दोन्हींच्या प्रती घरी जपून ठेवाव्यात.